दाराकडे पाठ केलेले बूट

१

यासुफुमी कितामुरा आईकडे आला तो पंधरवड्यासाठी. मांडीचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यावर तिला दवाखान्यातून घरी सोडलं होतं, आणि घर चौथ्या मजल्यावर. ओसाकाबाहेरची ही वसाहत बांधली तेव्हा सगळे भाडेकरू तरुण होते, त्यामुळे लिफ्ट नावाची चैन कुणाला सुचली नव्हती. आता निम्मी बिऱ्हाडं रिकामी होती आणि उरलेल्यांत कठडा धरून जिना चढणारी म्हातारी माणसं राहत होती. यासुफुमीचा बेत साधा होता. आई जरा हिंडूफिरू लागली की तिला गाडीत घालून नागोयाला न्यायचं. बायकोने, एरिकोने, खोली रिकामी करून ठेवली होती. सात वर्षांच्या कोनोमीने आजीसाठी भिंतीवर चित्रंही चिकटवली होती. फक्त जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती म्हातारी तेवढी हलायला तयार नव्हती.

"नागोयाचं मिसोचं सार म्हणजे नुसता चिखल," ती म्हणायची. "तो चिखल खाऊन मरण्यापेक्षा इथं उपाशी मरेन."

यावर तो हसायचा आणि तिच्या पुढ्यात गरम भाताचा वाडगा ठेवायचा. सकाळी स्वयंपाक, भांडी, गॅलरीत कपडे, मग लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम. दुपारी आई चालायची चौकट धरून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायची आणि तो मागे हात पसरून चालायचा. पाच वाजता वसाहतीच्या भोंग्यातून मुलांना घरी बोलावणारी धून वाजायची. खाली खेळायला एकही मूल नव्हतं, तरी भोंगा आपला इमानेइतबारे वाजायचा.

एका रविवारी सकाळी, आई वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेली असताना, त्याला टीव्हीवरच्या जुन्या मालिकांच्या यादीत 'गिनमारू' सापडला. लहानपणी रविवार म्हणजे गिनमारू, एवढंच त्याचं पंचांग होतं. त्याने लगेच पहिला भाग लावला आणि सोलत असलेलं संत्रं तसंच हातात धरून बसला.

रुपेरी रबरी पोशाख गुडघ्यामागे चुरगळत होता. पाठीवरची चेन दिसत होती. ज्या डोंगरांनी एके काळी त्याचा श्वास रोखला होता, ते पुठ्ठ्याचे होते आणि राक्षस पडला की हलत होते. यासुफुमी पोट धरून हसला. मालिका काढणाऱ्यांकडे पैसा बेताचाच असावा. बाकीच्या वीरांना समुद्राखाली तळ असायचे, ज्वालामुखीत भुयारं असायची. गिनमारू राहायचा भाड्याच्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर. शहर वाचवून झालं की तो जिना चढून घरी यायचा. वसाहतीतल्या प्रत्येक मुलाची खात्री होती की तो आपल्याच इमारतीत राहतो.

आणि मग शेवटचं दृश्य आलं, ज्याची तो नकळत वाट बघत होता. कॅमेरा घराच्या आत, तोंड दाराकडे. लोखंडी दार उघडतं. दाराशी असते तशी ती खोलगट जागा, तिथं गिनमारू आपले रुपेरी बूट काढतो, पायरी चढून वर येतो आणि सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणतो, "आलो."

त्यानंतर थोडा वेळ कुणी बोलत नसे. ती जागा मुलांसाठी सोडलेली होती. बाहेरून येणाऱ्याने 'आलो' म्हणायचं आणि घरात असेल त्याने 'ये' म्हणायचं, ही रीत त्या घरांत मूल बोलायला लागायच्या आधी शिकतं. उत्तर द्यायला डोकं लागत नाही. देशभरातल्या खोल्यांतून तेव्हा मुलं ओरडायची, आणि आता पन्नाशीला टेकलेल्या यासुफुमीच्या तोंडूनही ते आपोआप निघून गेलं.

"ये."

"कोण आलं?" आईने वर्तमानपत्रामागून विचारलं.

"कुणी नाही. टीव्ही आहे."

"मग उत्तर कुणाला दिलंस?"

तो हसून काहीतरी बोलणार होता, पण त्याचं लक्ष पडद्यावर गेलं. गिनमारूचे बूट पायरीखाली होते, आणि त्यांची तोंडं घराकडे होती. बूट काढले की वाकून दाराकडे वळवून ठेवायचे, म्हणजे जाताना पाय घातले की निघालं. हे त्याला आईने गिनमारूचंच उदाहरण देऊन शिकवलं होतं. तो बघ कसे ठेवतो, तसे ठेव. आता बघावं तर बूट दाराकडे पाठ करून होते. आठवणीचा काय भरवसा, असं म्हणून त्याने संत्रं खाऊन टाकलं.

२

दुसऱ्या दिवशी दुकानात जायला निघाला तर त्याचे स्वतःचे बूट आत तोंड करून होते.

विसरलो असेन, त्याने स्वतःला सांगितलं. दोन्ही हातांत पिशव्या असल्या की कोण वाकतंय. पण परत आल्यावर त्याने मुद्दाम वाकून, दोन्ही बूट जुळवून, दाराकडे वळवून ठेवले. संध्याकाळी कचरा टाकायला निघाला तेव्हा ते पुन्हा फिरलेले होते. जुळवलेले तसेच, नीट, फक्त उलटे.

घरात दुसरं माणूस म्हणजे आई. तिला वाकायची बंदी होती. ती चौकटीशिवाय उभीसुद्धा राहू शकत नव्हती. त्याने तिला विचारलं नाही. म्हाताऱ्या आईला 'तू माझे बूट फिरवलेस का' असं विचारणं त्याला विचित्र वाटलं आणि तिने 'हो' म्हटलं असतं तर जास्तच विचित्र वाटलं असतं.

कचऱ्याच्या कोपऱ्याशी खालच्या मजल्यावरच्या हामादासान भेटल्या. यासुफुमीला चड्डीत बघितलेली ही बाई अजूनही त्याच्याशी त्याच वयाचा असल्यासारखी बोलायची. कोनोमीला घेऊन आलास हे बरं केलंस, त्या म्हणाल्या. वर मूल धावलं की छताला बरं वाटतं.

कोनोमी नागोयालाच आहे, त्याने सांगितलं.

"मग पळतं कोण? दारापासून आतल्या खोलीपर्यंत, आणि परत. मी म्हटलं, पोर आहे, पळणारच."

आईची चालायची चौकट असेल, तो म्हणाला. हामादासाननी त्याच्याकडे बघितलं. "मी म्हातारी झाले आहे, बहिरी नाही," त्या म्हणाल्या आणि पिशवीची गाठ आवळून चालू लागल्या.

वर येताना त्याने जिन्यातच ठरवलं की आईला या आठवड्यातच न्यायचं. का, ते त्याने स्वतःलाही सांगितलं नाही. रविवारी एरिकोला गाडी घेऊन बोलवायचं, खाली उतरवायला दोन माणसं मिळाली की झालं. असं ठरल्यावर त्याला हलकं वाटलं. दार उघडून तो सवयीने "आलो" म्हणाला. आई "ये" म्हणाली. तिचा आवाज आतल्या खोलीतून आला, तिथून यायला हवा होता तसाच. तरी तो क्षणभर बुटांच्या जागेत उभा राहिला. ते 'ये' जरा जाड वाटलं होतं, दोघांनी एकदम म्हटल्यासारखं.

३

शहाण्या माणसाने यानंतर टीव्हीकडे बघितलं नसतं. पण यासुफुमी आयुष्यभर विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करत आलेला माणूस. काही खटकलं की कागद पुन्हा बघायचा, ही त्याची खोड. त्याने दुसरा भाग लावला, मग तिसरा, मग दुपारी कामाच्या मधल्या सुट्टीत आणखी. राक्षसांची मारामारी तो पळवायचा आणि शेवटाशी थांबायचा.

घर त्यांच्याच घरासारखं होतं, यात नवल नव्हतं. एकाच नकाशावर हजारो घरं बांधली होती. बुटांच्या कपाटाला खाली उजवीकडे पोचा होता, तसा तो यांच्याही कपाटाला होता. कपाटं पण एकाच कारखान्यातली, लोकांचे पायही सारखेच लागणार. हे सगळं त्याने स्वतःशी नीट मांडलं. एक गोष्ट मात्र या मांडणीत बसत नव्हती. पहिल्या भागात गिनमारू पायरीवर उभा राहून 'आलो' म्हणाला होता. नंतरच्या एका भागात तो बोळात होता. त्यापुढे न्हाणीघराच्या दाराशी. त्यापुढे आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी, जिथं चटया सुरू होतात. प्रत्येक वेळी तो थोडा मोठा दिसायचा, आणि 'आलो' म्हणून थांबायचा.

यासुफुमीने ठरवलं, आता उत्तर द्यायचं नाही. त्याने ओठ मिटले, वर हात ठेवला.

गिनमारू थांबला. मुखवट्याचे गोल, पिवळट डोळे त्याच्याकडे बघत होते. मागे संगीत नव्हतं. पंख्याचा, फ्रीजचा, खालच्या रस्त्याचा आवाज येत होता आणि पडद्यावरही तेवढाच. मालिका अडकली असेल म्हणून त्याने रिमोट घेतला. पडद्याखालची वेळेची रेघ पुढे सरकत होती. म्हणजे चालू होती. रबराच्या छातीवर श्वासाची बारीक हालचाल दिसत होती. कुणीतरी दारात येऊन उभं आहे आणि आपण गप्प बसलो आहोत, याची त्याला लाज वाटायला लागली. भीतीपेक्षा ती लाजच जास्त होती, आणि तीच जास्त सहन होत नव्हती.

"ये," शेजारच्या खोलीतून आई म्हणाली. "दमला असशील."

पडद्यावर शेवटचं गाणं सुरू झालं. यासुफुमीने टीव्ही बंद केला, वायर उपटली आणि आईकडे गेला. ती अंथरुणावर बसून गुडघ्यावर पांघरूण नीट करत होती. त्याने विचारलं की तिने उत्तर का दिलं. त्याचा आवाज चढला होता.

"किती वेळ उभं करायचं एखाद्याला?" ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला आठवत नाही का रे काहीच?"

त्याला आठवत नव्हतं. आई हळूहळू, पांघरुणाशी चाळा करत सांगत गेली. तो कोनोमीएवढा होता. गिनमारू बघायला लागल्यावर काही दिवसांनी त्याने बाहेर जाणं बंद केलं. दप्तर पाठीला लावून, बूट घालून तो दाराशी उभा राहायचा, घराकडे तोंड करून. बाहेर जा म्हटलं की म्हणायचा, दार कुठे आहे? मारून पाहिलं, समजावून पाहिलं. शाळेचे मास्तर येऊन गेले. एक दिवस वडिलांनी टीव्ही उचलला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. मालिका संपली, असं त्याला सांगितलं. थोड्या दिवसांनी तो शाळेत गेला.

"मग झालं ना," यासुफुमी म्हणाला. "गेलो ना मी."

"गेलास. शाळेत गेलास, मोठा झालास, लग्न केलंस, नागोयाला गेलास. तुझे बाबा वारले." तिने वर बघितलं. "पण मला हे घर कधी रिकामं वाटलं नाही, यासु. लोक म्हणायचे एकटी कशी राहतेस. मला आपलं वाटायचं, एकटी कुठे आहे मी."

४

तो लगेच उठला. एरिकोची वाट बघायची नाही, आजच निघायचं. रुग्णांना खाली उतरवणारी माणसं स्टेशनजवळ मिळतात, तिथं समोरासमोर जाऊन सांगितलं तर तासाभरात येतील. त्याने कोट चढवला आणि बुटांच्या जागेत उतरला. बूट आत तोंड करून होते. त्याने ते फिरवले, पायरीवर बसून पाय घातले, नाड्या बांधल्या आणि मान वर केली.

समोर घर होतं.

गडबडीत उलटा बसलो असेन, असं वाटून तो उभा राहिला आणि वळला. समोर घर. बोळ, न्हाणीघराचं दार, पलीकडे आतली खोली. बुटांचं कपाट उजव्या हाताला होतं आणि वळल्यावरही उजव्याच हाताला राहिलं. दार पाठीशी असल्याचं कळत होतं. फटीतून येणारी जिन्यातली गार हवा मानेला लागत होती. त्याने हात मागे करून चाचपडलं. बोटांना खुंटीवरची छत्री लागली, भिंत लागली, पुन्हा छत्री लागली. डोळे मिटून तो मागे मागे सरकला तर टाच पायरीला अडली, आणि ती पायरी घरात चढायची होती.

रक्तदाब, त्याने स्वतःला सांगितलं. कानाचा आजार असतो एक, त्यात दिशा कळत नाहीत. खोल श्वास घे.

आई चौकट टेकत बोळात आली होती.

"आई, मी कुठे तोंड करून उभा आहे?"

"माझ्याकडे."

तो वळला. पायांखाली वाळू करकरली, म्हणजे तो खरोखरच वळला होता. "आता?"

"माझ्याकडेच बघतोयस, बाळा."

तू मला घेऊन जाणार होतास, ती म्हणाली, नाहीतर टाकून जाणार होतास. एकात हे घर सुटणार होतं, दुसऱ्यात तू. म्हणून तिने एकदा, फक्त एकदा, 'ये' म्हटलं. एवढं होईल असं तिला वाटलं नव्हतं. यासुफुमीला तिचा संताप आला आणि त्याच वेळी तिची कीवही आली. ती इतकी लहान दिसत होती की रागवायला जागाच उरली नाही. त्याने बूट काढले, तिला धरून अंथरुणावर नेऊन बसवलं.

त्यानंतर त्याने जमेल ते केलं. गॅलरीतून हाक मारून हामादासानना सांगितलं की दार अडकलं आहे. त्यांनी खालून हात हलवला आणि सोमवारी कचेरी उघडली की सांगते म्हणाल्या. शेजारणीला त्या म्हणताना त्याने ऐकलं, कितामुरांचा मुलगा किती गुणाचा, आईला सोडून उंबरठासुद्धा ओलांडत नाही. अग्निशामक दलाचा नंबर त्याने दोनदा फोनवर दाबून खोडला. काय सांगणार होता तो? मला दार सापडत नाही? आणि माणसं आलीच तर दाराशी येऊन आवाज देणार, घरातून त्यांना कुणीतरी 'या' म्हणणार, आणि मग त्यांचे बूट कोणत्या दिशेला वळतील हे त्याला सांगता येत नव्हतं.

एरिकोला फोन करणं सगळ्यात कठीण गेलं. रविवारी येऊ नकोस, त्याने सांगितलं. बरं वाटत नाही म्हणाल्यावर ती म्हणाली, मग तर यायलाच हवं. आईचं कारण सांगितलं, तिने ते खोडून काढलं. कोनोमीने नव्या बुटांसाठी हट्ट केला आहे, ते घालून तिला आजीकडे यायचं आहे, असंही ती म्हणाली. बुटांचं नाव निघाल्यावर यासुफुमीचा धीर सुटला.

"मला इथंच राहायचंय," तो म्हणाला. "तुम्ही दोघी येऊ नका. मला नकोय."

लग्नानंतर तो तिच्याशी असं कधी बोलला नव्हता. तिने शांतपणे फोन ठेवला. यासुफुमी न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि रडला. त्याला वाटलं, निदान हे तरी जमलं.

५

रविवारी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. त्याने टीव्ही भिंतीकडे फिरवून ठेवला होता. आईला पेज भरवून झाली होती आणि तो वाडगा धूत होता, तेव्हा जिन्यातून पावलं ऐकू आली. एक जोड दमदार, एक जोड हलकी आणि अधूनमधून उड्या मारणारी. कोनोमी प्रत्येक मजल्यावर थांबून दारांवरची नावं मोठ्याने वाचत होती. तिला नुकतीच ती अक्षरं यायला लागली होती.

यासुफुमीने नळ बंद केला. कोनोमी आजीच्या दारात आली की घंटीसुद्धा वाजवत नसे. टपालाच्या फटीला तोंड लावून 'आले' म्हणून ओरडायची, आणि आतून उत्तर आलं की हसत आत घुसायची. तो आतल्या खोलीत धावला. आई पावलं ओळखून ताठ बसली होती, आणि नातीच्या नुसत्या चाहुलीने तिचा चेहरा उजळला होता.

"आई, उत्तर देऊ नकोस," तो कुजबुजला. "माझ्यासाठी नको. तिच्यासाठी."

आईने त्याच्याकडे बघितलं. किती महिन्यांनी नात दाराशी आली होती. तिने गळ्यातला पंचा घेतला, दुमडला आणि स्वतःच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरला. डोळ्यांतलं पाणी पंच्यावर गळत होतं, पण तिने हात काढले नाहीत. यासुफुमीने तिच्यापुढे डोकं टेकलं आणि तो दाराशी गेला.

बुटांच्या जागेत तो अनवाणी उभा राहिला. दाराकडे तोंड करणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून पाठ मागे टेकली, आणि इतके दिवस हाताला न लागलेलं दार आज, बाहेर कुणी आल्यावर, पाठीला लागलं. लोखंड थंड होतं. पाठीमागे, त्याच्या कमरेच्या उंचीवर, टपालाची फट उघडल्याचा आवाज झाला.

"आजी! बाबा! आम्ही आलो!"

तिचा श्वास त्याच्या सदऱ्याला लागला. त्याने दोन्ही तळवे तोंडावर दाबले. घशात शब्द येऊन बसला होता, उचकी अडवावी तसा त्याने तो अडवला. समोर बोळ होता आणि बोळापलीकडे चटयांची खोली. तिथं बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण घराकडे पाठ करायची सोय नव्हती. सरकत्या दाराच्या कडेशी, जमिनीलगत, दोन रुपेरी गुडघे दिसत होते. कुणीतरी पाहुण्यासारखं, अदबीने, मांड्या दुमडून बसलं होतं. गुडघ्यामागे रबर चुरगळलं होतं. आणि त्या गुडघ्यांना खेटून, दाराआडून, लहान मुलाच्या मोज्यांची दोन टोकं डोकावत होती.

"बाबा, माझे नवे बूट बघा ना," कोनोमी म्हणाली. "लाल आहेत."

घंटी वाजली. एरिकोने दोनदा त्याच्या नावाने हाक मारली, आधी काळजीने, मग रागाने. मी सांगितलं होतं ना तुला, ती मुलीला म्हणाली. बाबांना सध्या कुणी नकोय. चल. कोनोमीने मुसमुसत काहीतरी विचारलं, ते त्याला नीट कळलं नाही. दाराला पाठ लावून तो घामाने भिजला होता. दोन बोटं मागे नेली असती तर फटीतून त्याने तिच्या गालाला हात लावला असता. त्याने तोंडावरचा हात काढला नाही.

फट पुन्हा उघडली. रडं आवरून, शाळेत शिकवलेल्या चांगल्या मुलीच्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, मग मी येते हं."

जाणाऱ्याने येतो म्हटलं की त्याला 'ये' म्हणायचं, नाहीतर वाटेवर मन लागत नाही. यासुफुमीने स्वतःच्या हाताला चावा घेतला. घरात आवाज नव्हता. आतून आईचा पंच्याआडचा श्वास येत होता, बाकी काही नाही. त्याने कान देऊन ऐकलं. कुणीही काही बोललं नव्हतं.

फट खटकन मिटली. पावलं जिना उतरू लागली, तिसऱ्या मजल्यावर वळली, आणखी खाली गेली. यासुफुमी दाराला घसरत खाली बसला. हाताला दातांचे व्रण उठले होते आणि तो हसत होता की रडत होता ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. पोरगी सुटली. नागोयाला जाईल, मोठी होईल, बापाचा राग करेल. करू दे. त्याला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

खाली पावलं थांबली. पोकळ जिन्यातून बोलणं स्पष्ट वर आलं.

"आई, थांब ना. बाबा 'ये' म्हणाले."

"मला नाही काही ऐकू आलं."

"म्हणाले. आतून म्हणाले. लहान मुलाचा आवाज काढून, गंमत करत होते."

एरिको काहीतरी म्हणाली, पण तोवर लाल बुटांची पावलं एकेक पायरी गाळत वर धावत सुटली होती.